फुप्फुसाची दुरुस्ती आणि फुप्फुसातील गाठ

क्षयाचे जंतू बाहेरून येतात, तसा कर्करोगही कुठून तरी शरीरात ‘शिरतो’, अशी समजूत पुष्कळांची असते. वर्गात हा विषय निघाला की "सर, कर्करोगाचे जंतू कसे दिसतात?" असा प्रश्न हमखास येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाला असे जंतू नसतात. त्याची गाठ आपल्याच पेशींची बनलेली असते. एवढे बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील संशोधनाने यात एका महत्त्वाच्या गोष्टीची भर घातली आहे. ही गाठ वाढवणारी अनेक जनुकेसुद्धा आपलीच आणि रोजच्या उपयोगाची असतात. फुप्फुसाला झालेली इजा भरून काढणाऱ्या ज्या पेशी आहेत, त्यांचीच ती जनुके होत. हे कसे घडते आणि चुलीच्या व विडीच्या धुराशी त्याचा काय संबंध आहे, हे या लेखात पाहू या.

वायुकोशाच्या भिंतीत

प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे वीस हजार वेळा श्वास घेतो. नाकातून आत गेलेली हवा श्वासनलिकेच्या फाट्याउपफाट्यांतून शेवटी वायुकोशांत पोचते. आपल्या दोन्ही फुप्फुसांत मिळून असे तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. त्यांच्या भिंतीत मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी आढळतात. पहिल्या प्रकारच्या पेशी पापडासारख्या पातळ व पसरट असतात. भिंतीचा सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग त्यांनीच व्यापलेला असतो आणि प्राणवायूची देवघेव त्यांच्यामधून होते. दुसऱ्या प्रकारच्या पेशी ठेंगण्या, घनाकार असतात. त्या साबणाच्या पाण्यासारखा एक स्निग्ध द्रव पाझरवतात. त्या द्रवामुळे श्वास सोडताना वायुकोश मिटून चिकटत नाहीत.

पहिल्या प्रकारच्या पेशी नाजूक असतात. धूर, धूळ, विषाणू यांच्या माऱ्याने त्या मरतात. एकदा पसरट झाल्यावर त्या सहसा विभागत नाहीत. मग मेलेल्या पेशींची जागा कोण भरून काढते? हे काम दुसऱ्या प्रकारच्या पेशींतील काही पेशी करतात. अशी पेशी विभागते. झालेल्या पेशींपैकी एखादी पूर्वीसारखीच घनाकार राहते आणि एखादी चपटी होऊन रिकामी जागा झाकते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तुषार देसाई, मार्क क्रॅस्नो व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या फुप्फुसातील अशा पेशींवर रंगाची खूण करून त्यांच्या संततीचा माग काढला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात वरील क्रम स्पष्टपणे दिसून आला.

स्वतःसारखी पेशी पुन्हा निर्माण करणे आणि वेगळे काम करणारी पेशी घडवणे, या दोन्ही क्षमता ज्या पेशीत असतात तिला इंग्रजीत ‘स्टेम सेल’ म्हणतात. मराठीत तिच्यासाठी मूळपेशी आणि स्कंधपेशी असे दोन्ही शब्द वापरात आहेत. आपण मूळपेशी म्हणू. घरचे बियाणे राखणारा शेतकरी सगळी तूर विकत नाही आणि सगळी साठवूनही ठेवत नाही. थोडी पुढच्या पेरणीसाठी काढून ठेवतो. मूळपेशींचा व्यवहार असाच असतो. किती राखायचे आणि किती खर्ची घालायचे, याचा तोल सांभाळण्यासाठी त्यांच्याजवळ काही जनुके असतात.

तोल सांभाळणारी जनुके

प्रत्येक जनुक म्हणजे एखादे प्रथिन तयार करण्याची कृती, असे ढोबळपणे समजू या. आपल्या विषयाच्या दृष्टीने चार नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

पहिले ईजीएफआर. या जनुकाचे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर घरावरील घंटेच्या बटणासारखे बसलेले असते. वायुकोशाला इजा झाली की आसपास विशिष्ट संदेशप्रथिने येतात, ती या बटणाला चिकटतात आणि ‘विभागणी सुरू करा’ असा निरोप आत जातो.

दुसरे केरास. हे त्या निरोपाच्या वाटेवरील खटक्याचे काम करते. निरोप आला की खटका चालू होतो आणि थोड्या वेळाने आपोआप बंद पडतो. हे आपोआप बंद पडणे फार महत्त्वाचे आहे.

तिसरे बीएमआय-१. पेशींमध्ये विभागणीला लगाम घालणारी काही जनुके असतात. बीएमआय-१ त्या लगामाच्या जनुकांना गप्प ठेवते. त्यामुळे मूळपेशी थकून न जाता पुन्हापुन्हा विभागू शकते. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींना हे जनुक आवश्यक असल्याचे २००३ मध्ये दिसून आले होते.

चौथे सॉक्स-२. हे इतर जनुकांना चालू-बंद करणारे जनुक आहे. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशीत चार जनुके घालून तिला पुन्हा भ्रूणातील मूळपेशीसारखी अवस्था आणली. या कामासाठी त्यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या चार जनुकांपैकी सॉक्स-२ हे एक. मोठ्या श्वासनलिकांच्या अस्तरातील मूळपेशी याच जनुकाच्या आधाराने आपले स्वरूप टिकवतात.

जनुकांइतकाच शेजारही महत्त्वाचा असतो. दुसऱ्या प्रकारच्या काही पेशींना लागून संयोजी ऊतीच्या पेशी असतात. त्या ‘व्हिंट’ नावाचे संदेशप्रथिन अगदी थोड्या अंतरापर्यंत पुरवतात. जोवर हे प्रथिन मिळते तोवर पेशी मूळपेशी राहते. त्या शेजारापासून दूर गेलेली पेशी चपटी होऊन कामाला लागते. २०१८ मध्ये हे उंदरांत दाखवले गेले. म्हणजे निरोगी फुप्फुसात मूळपेशींची संख्या शेजारच ठरवतो.

खटका अडकला तर

केरासचे प्रथिन सुमारे १९० अमिनो आम्लांची साखळी आहे. या साखळीतील बाराव्या स्थानावर ग्लायसीन असते. जनुकाच्या एका अक्षरात बदल होऊन तेथे दुसरे अमिनो आम्ल आले, तर खटका चालू होतो, पण बंद पडत नाही. बाहेर इजा नसतानाही पेशीला सतत ‘विभागा’ असाच निरोप मिळत राहतो. ईजीएफआरमधील काही उत्परिवर्तनांचा परिणामही असाच होतो. तेथे घंटेचे बटणच आत रुतून बसते.

२००५ मध्ये अमेरिकेत कार्ला किम, टायलर जॅक्स व सहकाऱ्यांनी उंदराच्या फुप्फुसात केरासचे हे उत्परिवर्तन घडवून आणले. सूक्ष्म श्वासनलिका जेथे संपतात आणि वायुकोश सुरू होतात, त्या सीमेवरील मूळपेशींसारख्या थोड्या पेशी प्रथम वाढू लागल्याचे त्यांना आढळले. पुढे २०१२ मध्ये दुसऱ्या एका गटाने वायुकोशातील दुसऱ्या प्रकारच्या पेशींपासूनही अशा गाठी तयार होतात, हे दाखवून दिले. दोन्ही प्रयोगांत गाठीचा उगम दुरुस्ती करणाऱ्या पेशींत होता.

मग एक साहजिक प्रश्न पुढे आला. केरास अडकलेले आहे, पण बीएमआय-१ नाही, अशा उंदरांत काय होईल? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा उंदरांच्या फुप्फुसात गाठी कमी झाल्या आणि ज्या झाल्या त्या फारशा पुढे सरकल्या नाहीत. लगामाची जनुके पुन्हा जागी झाली होती. यावरून असे दिसते की वेग वाढवणारे जनुक बिघडले तरी गाठीला मूळपेशीच्या इतर जनुकांचीही साथ लागते.

मोठ्या श्वासनलिकांत होणाऱ्या, खवल्यांसारख्या चपट्या पेशींच्या कर्करोगात सॉक्स-२ चा वाटा मोठा असतो. या गाठींत सॉक्स-२ असलेल्या गुणसूत्राच्या तुकड्याच्या जास्त प्रती झालेल्या अनेकदा आढळतात, असे २००९ मध्ये दिसून आले. प्रयोगशाळेत अशा पेशींतील सॉक्स-२ दाबून टाकल्यावर त्यांची वाढ मंदावली.

कपाशीतील लव्हाळा

गाठीतील सर्व पेशी सारख्याच असतात का? १९९४ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे जॉन डिक यांच्या गटाने एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगातील पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत घातल्या. नव्याने रोग निर्माण करण्याची क्षमता सुमारे अडीच लाख पेशींमागे एखाद्याच पेशीत आढळली. अशा पेशींना ‘कर्करोगाच्या मूळपेशी’ म्हणू लागले.

या शोधाचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातही आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. शर्मिला बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी बीजांडकोशाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या स्त्रीच्या पोटातील पाण्यातून पेशी मिळवल्या आणि त्या एकेक करून वेगवेगळ्या वाढवल्या. त्यांपैकी एका पेशीच्या संततीत गाठ तयार करण्याची क्षमता होती. अभ्यास चालू असतानाच आणखी एका पेशीच्या संततीत ती निर्माण झाली. या पेशींत मूळपेशींचे गुण दिसत होते. उंदरात तयार झालेली गाठ काढून तिच्या पेशी दुसऱ्या उंदरात, त्याच्या तिसऱ्यात, असे केले तरी पुन्हापुन्हा गाठ होत राहिली. हे काम २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. अवयव वेगळा असला तरी फुप्फुसाच्या गाठीबाबत पडणारा प्रश्नच त्यांनी हाताळला होता: गाठ पुन्हा कशी उगवते?

यवतमाळच्या शेतकऱ्याला या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या रूपात ठाऊक असते. कपाशीच्या वावरात डवरणी केली, निंदण काढले, वावर स्वच्छ दिसू लागले. आणि एक सर पडली की लव्हाळा पुन्हा वर येतो. पाती कापली गेली तरी जमिनीखालच्या गाठी तशाच राहिलेल्या असतात. केमोथेरपीची अनेक औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना मारतात. मूळपेशींसारख्या काही पेशी मात्र बराच काळ स्वस्थ बसलेल्या असतात आणि या माऱ्यातून निभावून जातात.

हा दाखला एका मर्यादेपर्यंतच नेता येतो. २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठात त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगाच्या पेशी अधिक अनुकूल उंदरांत घातल्या, तेव्हा जवळजवळ चारातील एक पेशी गाठ तयार करू शकली. म्हणजे अशा पेशी दुर्मिळच असतात, असा सरसकट नियम नाही. शिवाय लव्हाळ्याच्या कापलेल्या पातीची पुन्हा गाठ होत नाही. कर्करोगाची पेशी मात्र परिस्थितीनुसार मूळपेशीच्या अवस्थेत परत जाऊ शकते. २०१७ मध्ये उंदरांतील फुप्फुसाच्या गाठींचा अभ्यास झाला. त्यात गाठीतील काही पेशी स्वतःच व्हिंट तयार करून शेजारच्या पेशींना मूळपेशीसारख्या अवस्थेत ठेवताना दिसल्या. निरोगी फुप्फुसात जे काम शेजारी करतो, ते गाठीने स्वतःकडे घेतले होते. व्हिंट बाहेर पडण्याची वाट औषधाने अडवल्यावर गाठीची वाढ मंदावली.

धूर काय करतो?

आता आपल्या घरात येऊ या. यवतमाळ जिल्ह्यात कपाशी मोठ्या प्रमाणावर पिकते आणि कापूस वेचून झाल्यावर उरलेली पऱ्हाटी चुलीत जाते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे पुष्कळ घरांत गॅस आला, तरी सिलिंडर परवडत नसेल तेव्हा चूल पेटतेच. वणी परिसरात कोळशाच्या खाणी आणि चुनाभट्ट्या आहेत. गावोगावी विडी आहे. या सर्वांतून जी बारीक कणांची धूळ हवेत मिसळते, तिच्यातील अडीच मायक्रोमीटरहून लहान कण थेट वायुकोशापर्यंत पोचतात. आपल्या केसाच्या जाडीच्या जवळजवळ तिसाव्या हिश्शाएवढे हे कण असतात.

तंबाखूच्या धुरातील काही रसायने जनुकांची अक्षरे थेट बदलतात, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. परंतु कधीही विडी न ओढलेल्या स्त्रीला फुप्फुसाचा कर्करोग का होतो, याचा उलगडा एवढ्याने होत नव्हता. १९४० च्या दशकात आयझॅक बेरेनब्लम यांनी उंदरांच्या त्वचेवर काही प्रयोग केले होते. कर्करोगकारक रसायनाची अगदी थोडी मात्रा लावली तर गाठ होत नसे. मात्र त्यानंतर त्याच जागी जमालगोट्याचे तेल पुन्हापुन्हा लावून त्वचेचा दाह करत राहिले की गाठी उगवत. जमालगोट्याच्या तेलाने एकट्याने हे सहसा होत नसे. यावरून पहिली पायरी जनुकातील बदलाची आणि दुसरी पायरी चेतवणीची, असा विचार पुढे आला.

फुप्फुसाबाबत हाच विचार २०२३ मध्ये नव्याने तपासला गेला. लंडनच्या चार्ल्स स्वँटन यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९५ व्यक्तींच्या फुप्फुसातील निरोगी दिसणाऱ्या ऊतींची अतिशय बारकाईने तपासणी केली. सुमारे १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआरची आणि ५३ टक्के नमुन्यांत केरासची कर्करोगाशी संबंधित उत्परिवर्तने थोड्याशा पेशींत आढळली. ऊती मात्र निरोगी दिसत होत्या! म्हणजे असे बदल पुष्कळांच्या फुप्फुसात नुसते पडून असतात. मग ईजीएफआरचे उत्परिवर्तन असलेल्या उंदरांना हवेतील बारीक कण हुंगवण्यात आले. त्यांच्यात गाठी अधिक झाल्या. कण गिळणाऱ्या भक्षक पेशी इंटरल्युकिन-१-बीटा हे दाहाचे प्रथिन सोडत होत्या आणि त्यामुळे उत्परिवर्तन असलेल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी मूळपेशींसारख्या वागू लागत होत्या. हे प्रथिन प्रतिपिंडाने अडवल्यावर गाठी कमी झाल्या.

येथे सर्व धागे एकत्र येतात. धुराने वायुकोशाला इजा होते आणि शरीर दुरुस्तीचा निरोप धाडते. निरोप मूळपेशीच्या जनुकांपर्यंत पोचतो. त्या पेशीचा खटका आधीच अडकलेला असेल तर दुरुस्ती थांबतच नाही. वय वाढले की काही पेशींत उत्परिवर्तने होणारच. ती टाळणे आपल्या हातात फारसे नाही. रोजची इजा कमी करणे मात्र हातात आहे. म्हणूनच वीस वर्षे विडी ओढलेल्या माणसालाही ‘आता सोडून काय उपयोग?’ असे म्हणू देऊ नये.

वरील अभ्यास बाहेरील हवेच्या प्रदूषणाचा होता, चुलीचा नव्हता, हे येथे नमूद करायला हवे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घरात जाळलेल्या कोळशाचा धूर निश्चित कर्करोगकारक, तर लाकूडफाट्याचा धूर संभाव्य कर्करोगकारक ठरवला आहे. बाहेरील प्रदूषित हवेचा समावेश तिने २०१३ मध्ये निश्चित कारणांत केला. विदर्भात सर्रास खाल्ला जाणारा खर्रा मुख्यतः तोंडाच्या कर्करोगाला कारण होतो. त्याची गोष्ट निराळी असली तरी तोही तितकाच घातक.

उपचारांत काय बदलले?

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी २०१३ मध्ये फुप्फुसाच्या ग्रंथिल कर्करोगाच्या ९०७ भारतीय रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी २३ टक्के रुग्णांच्या गाठीत ईजीएफआरचे उत्परिवर्तन होते. अशा रुग्णांना जेफिटिनिबसारखी, रुतलेले बटण बंद करणारी गोळी उपयोगी पडते. पण काही महिन्यांनी गाठ सहसा पुन्हा वाढते. २०२० मध्ये याच रुग्णालयाने ३५० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष मांडले. नुसत्या गोळीने रोग सरासरी आठ महिने आटोक्यात राहिला, तर गोळी आणि केमोथेरपी एकत्र दिल्यावर सोळा महिने. एकत्रित उपचाराचा त्रासही अधिक होता. गाठीतील पेशी नाना अवस्थांत असतात, हे लक्षात घेतले तर दुहेरी माऱ्याचा फायदा समजण्यासारखा आहे. केरासच्या एका विशिष्ट उत्परिवर्तनावरही २०२१ पासून औषध उपलब्ध झाले आहे. बीएमआय-१, सॉक्स-२ किंवा व्हिंट यांना अडवणे मात्र अवघड जाते, कारण निरोगी मूळपेशींनाही तीच लागतात.

येथे एक सावधगिरीची सूचना. ‘मूळपेशींनी कोणताही रोग बरा’ अशा जाहिराती शिक्षकांना दाखवून लोक सल्ला विचारतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताशी संबंधित ठराविक विकारांतील प्रत्यारोपण सोडून मूळपेशींचे उपचार केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात. फुप्फुसाच्या गाठीसाठी मूळपेशी विकत घेण्यात कोणी पैसे घालवू नयेत. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, थुंकीतून रक्त किंवा विनाकारण घटणारे वजन यांसाठी सरकारी रुग्णालय गाठावे. क्षयाची लक्षणेही अशीच असल्याने दोन्हींची तपासणी व्हायला हवी.

वर्गात करण्यासारखे

एक ताट, ज्वारीचे व तुरीचे दाणे घ्या. ज्वारी म्हणजे मूळपेशी आणि तूर म्हणजे कामकरी पेशी. ताटात ज्वारीचे चार दाणे अंतराने ठेवा. शिक्षकांनी टाळी वाजवली की प्रत्येक ज्वारीजवळ तुरीचा एक दाणा ठेवायचा. एका ज्वारीजवळ तुरीचे दोनच दाणे राहतील. तिसरा आला की सर्वांत जुना काढून घ्यायचा. दहा टाळ्यांनंतरही ताटात चार ज्वारी आणि आठ तुरी एवढेच दाणे असतील. ही निरोगी ऊती.

आता एका ज्वारीचा खटका अडकला असे समजा. ती आणि तिची संतती प्रत्येक टाळीला तुरीऐवजी ज्वारीच ठेवतील: दोन, चार, आठ, सोळा. दहा टाळ्यांनंतर किती दाणे होतील, हे मुलांना आधी अंदाजाने सांगू द्या. उत्तर १०२४ आहे. सहाव्या टाळीपर्यंत ६४ दाणे होतात. पुढचे गणित फळ्यावर करावे.

शेवटी ‘औषध’ देऊन अडकलेल्या संततीतील एक सोडून सर्व दाणे उचला आणि पुन्हा टाळ्या वाजवा. मग हे प्रश्न विचारा: ताट स्वच्छ दिसले म्हणजे रोग गेला का? निरोगी चार ज्वारीही उचलल्या तर ताटाचे काय होईल? आणि टाळी म्हणजे इजेचा निरोप असे मानले, तर आपल्या गावात ही टाळी कोण वाजवते? शेवटच्या प्रश्नाची उत्तरे मुलांनी घरी, चुलीजवळ आणि पानठेल्यावर शोधून वहीत लिहून आणावीत. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. ते अंतर मोजून पाहण्याचा उपक्रमही गणिताच्या तासाला घेता येईल.